तक्त्यातील एक ओळ: पुण्याच्या भूजलावरील एका आंतरविद्याशाखीय पीएच.डी.चे प्रकरण

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर भरलेल्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत दोन लेखी अभिप्राय पुढे आले. दोन्ही एकाच विद्यार्थिनीच्या एकाच मसुद्यावरचे होते. भूजलशास्त्राच्या मार्गदर्शक सरांनी लिहिले होते की टँकरच्या खर्चाची आणि सोसायट्यांच्या हिशेबांची माहिती उपयुक्त असली, तरी ती मुख्य भागात न ठेवता परिशिष्टात द्यावी. अर्थशास्त्राच्या सहमार्गदर्शक मॅडमचे म्हणणे असे की पाणीपातळीचे आलेख आणि खडकांचे छेद वाचकाला मूळ युक्तिवादापासून दूर नेतात, तेव्हा ते परिशिष्टात हलवावेत. दोघांचेही ऐकले असते तर प्रबंधात परिशिष्टांखेरीज प्रस्तावना आणि ऋणनिर्देश एवढेच उरले असते.

मी त्या समितीचा सदस्य होतो आणि त्याआधी या विद्यार्थिनीच्या कोर्सवर्कचा समन्वयकही होतो. त्यामुळे पुढे ज्या त्रुटींविषयी लिहिले आहे त्यांतला काही वाटा माझ्याकडे येतो. संस्थेचे, सोसायट्यांचे आणि व्यक्तींचे नाव या टिपणात दिलेले नाही. शाश्वत विकासावरील संशोधनासाठी विद्यार्थ्यांना आंतरविद्याशाखीय प्रशिक्षण द्यावे असे सगळेच म्हणतात. ते प्रशिक्षण प्रत्यक्षात कोठे अडते आणि अडल्यावर कशाने सुटते, हे एका प्रकरणाच्या तपशिलातून पाहावे, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी सोलापूर जिल्ह्यातली, पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आणि जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळालेली. तिचा विषय होता पुण्याच्या पश्चिमेकडील बावधन-सूस पट्ट्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचा भूजलवापर आणि तो वापर किती काळ टिकू शकेल याचा अंदाज. क्षेत्राची निवड उत्तम होती. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे घेण्यात आली, आणि बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही त्या दुसऱ्या यादीतली. येथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागाहून येत राहिल्या. मधल्या काळात बोअर आणि टँकर यांवर लोकांनी भागवले, आणि पुष्कळ ठिकाणी ते अजून भागवतात. पुण्याची पाण्याची चर्चा वर्षभर खडकवासला साखळीतल्या चार धरणांभोवती, म्हणजे सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याभोवती फिरते. पावसाळ्यात तर तो साठा क्रिकेटच्या धावफलकासारखा रोज वाचला जातो. जमिनीखालच्या पाण्याला असा धावफलक नाही.

त्या पाण्याविषयी येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पुढचा सारा पेच त्याच्या स्वभावातून आला. पुण्याखालचा खडक म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बेसाल्ट. त्यातला घट्ट काळा पाषाण भेगा पडल्याशिवाय पाणी धरत नाही. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा, ठिसूळ होत गेलेला थर आणि वरचा मुरूम हे पाणी धरतात, पण तेही बेताने. दोन थरांच्या मध्ये कोठे तांबडा गेरूसारखा पट्टा लागतो आणि पाण्याची वाट बदलते. त्यामुळे एका कुंपणाच्या आत बोअरला भरपूर पाणी आणि शेजारच्या कुंपणात नुसती धूळ, असा अनुभव या भागात नवा नाही. जलधराची, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराची, सीमा सर्व्हे नंबर पाहून ठरत नाही. उलट 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत मात्र अशी की ज्याची जमीन, त्याच्याच मालकीचे खालचे पाणी. या दोन सीमांमधली फट हाच खरे तर तिच्या प्रबंधाचा विषय होता. फक्त पहिली दोन वर्षे तो तसा कोणी मांडला नाही.

प्रशिक्षणाची रचना कागदावर चांगली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा भाग, दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण, दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेण्याची मुभा, हे सगळे पाळले गेले. शाश्वत विकासाच्या संकल्पनेवर मी स्वतः आठ तासिका घेतल्या. शाश्वत विकासाची व्याख्या देणारा 1987 चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांची 2015 ची 17 उद्दिष्टे आणि 169 लक्ष्ये, त्यांतले पाण्याचे सहावे उद्दिष्ट, एवढे सगळे शिकवून झाले आणि तिने उत्तरपत्रिकाही छान लिहिली. संख्याशास्त्र एकाने शिकवले, मुलाखततंत्र दुसऱ्याने, उपग्रहचित्रे तिसऱ्याने. एका शाखेची माहिती दुसरीच्या माहितीला जोडून दाखवा, असा एकही स्वाध्याय त्या वर्षभरात आम्ही दिला नाही. वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकाच वेळापत्रकात बसवले की आंतरविद्याशाखीय शिक्षण झाले, अशी आमची समजूत होती.

ही समजूत आमच्यापुरतीच होती असेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने विद्याशाखांची संख्या चारवर आणली आणि त्यांतल्या एकीला ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ असे नाव दिले. त्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य असे विषय येतात. भूजल आणि अर्थशास्त्र यांची सांगड घालणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र नोंदणी विज्ञान व तंत्रज्ञानाखालीच करावी लागली. या नावाचा विनोद तिला पहिल्या वर्षी कळला नाही, तिसऱ्या वर्षी कळला.

दोन मार्गदर्शक, एक शब्द

दोन्ही मार्गदर्शक आपापल्या विषयात जाणते आणि विद्यार्थिनीविषयी आस्था असलेले होते, हे येथे नोंदवणे न्यायाचे होईल. भांडण स्वभावाचे असते तर ते मिटवणे सोपे गेले असते. सरांच्या मते प्रश्न असा होता की या पट्ट्यातला जलधर किती पाणी धरतो, पावसाळ्यात किती भरतो आणि उपशाने वर्षागणिक किती खाली जातो. मॅडमच्या मते प्रश्न असा की कुटुंबे पाण्यासाठी काय मोजतात, महाग झाल्यावर वापर कमी करतात का, आणि नळाचे पाणी आल्यावर बोअर सोडतात का. दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींना ‘टंचाई’ हाच शब्द वापरला जात होता.

घोटाळा या शब्दात होता. सरांच्या लेखी टंचाई म्हणजे मे महिन्यातली पातळी मागच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा खाली असणे. मॅडमच्या लेखी टंचाई म्हणजे पुढच्या हजार लिटरला आधीच्या हजार लिटरपेक्षा जास्त पैसे पडणे. विद्यार्थिनीच्या घरच्या माणसांच्या लेखी, आणि तिच्याही मनात खोलवर, टंचाई म्हणजे तहसील कचेरीने जाहीर केलेली गोष्ट, जिच्यानंतर गावात शासकीय टँकर येतो. तिने मसुद्याच्या दुसऱ्या प्रकरणात हा शब्द तिन्ही अर्थांनी वापरला होता आणि आम्ही पाच जणांनी तो वाचूनही कोणाला खटकला नव्हता, कारण प्रत्येकाने आपापला अर्थ घेतला होता. शब्द परका असता तर कोणीतरी व्याख्या मागितली असती.

माहिती गोळा करण्याची पद्धतही अशीच दुभंगली. सरांच्या सांगण्यावरून तिने बोअरची यादी केली आणि जमेल तितक्या बोअरमध्ये पातळी मोजण्याची फीत सोडली. ही फीत पाण्याला टेकली की आवाज करते, तेव्हा काम सोपे वाटते. प्रत्यक्षात बऱ्याच बोअरचे तोंड झाकणाने घट्ट बंद केलेले असते, मोटरच्या पाइपामुळे फीत अडकते, आणि तासाभरापूर्वीच मोटर चालली असेल तर मोजलेली पातळी स्थिर नसते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्या धर्तीवर तिनेही चार फेऱ्या केल्या, पण निरीक्षण विहिरीवर मोटर बसवलेली नसते हा फरक तिच्या तक्त्यात कोठेच दिसत नव्हता.

मॅडमच्या सांगण्यावरून तिने सदनिकांमध्ये प्रश्नावली भरून घेतली. तेथे निराळीच अडचण आली. सोसायटीत महापालिकेचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडते आणि तेथून वर चढते, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या माणसाला आपण कोणते पाणी वापरतो हे ठाऊक असण्याचे कारणच नसते. ‘टँकर येतो का?’ या प्रश्नाला ‘येत असेल, रात्रीचा येतो बहुतेक’ अशी उत्तरे मिळाली. खर्चाचे म्हणाल तर लोकांना मेंटेनन्सचा एकूण आकडा माहीत होता. शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो, वापरावर नाही. एखाद्या कुटुंबाने निम्मे पाणी वाचवले तरी त्याच्या बिलात फरक पडत नाही. किंमत वाढली की कुटुंब वापर कमी करते का, हा प्रश्न ज्या कुटुंबापर्यंत किंमत पोहोचतच नाही त्याला विचारला जात होता.

म्हणजे दोन्ही बाजूंची माहिती आपापल्या जागी अर्धवट होती. दोघांनाही दुसऱ्याची माहिती लंगडी दिसत होती आणि आपली जवळजवळ पुरी झालेली वाटत होती. परिशिष्टाचा आग्रह येथून आला.

बैठक

समितीत एक निवृत्तीला आलेले संख्याशास्त्रज्ञ होते. ते बैठकीत सहसा बोलत नसत आणि चहा आल्यावर थोडे सैलावत. त्या दिवशी दोन्ही अभिप्राय वाचून झाल्यावर त्यांनी विद्यार्थिनीला एवढेच विचारले, “तुझ्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय आहे?”

तिने लॅपटॉपवर तक्ता उघडला. पहिल्या पानावर एक ओळ म्हणजे एक बोअर होती. दुसऱ्या पानावर एक ओळ म्हणजे एक सदनिका. दोन पानांना जोडणारा स्तंभ एकच होता, सोसायटीचे नाव, आणि तेही एका पानावर मराठीत तर दुसऱ्यावर इंग्रजीत लिहिलेले. एका सोसायटीत तीन बोअर आणि ऐंशी सदनिका असतील तर कोणती बोअर कोणत्या सदनिकेला जोडायची, याचे उत्तर तक्त्यात नव्हते आणि असू शकतही नव्हते. सर म्हणाले, ओळ बोअरची ठेवा. मॅडम म्हणाल्या, ओळ कुटुंबाची ठेवा. संख्याशास्त्रज्ञ म्हणाले, “मग हे दोन प्रबंध आहेत. एक हिने लिहावा, दुसऱ्यासाठी आणखी एक विद्यार्थी घ्या.”

हे ऐकून विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याला मी सुटका म्हणेन. दोन वर्षे ती दोन केबिनांमध्ये निरोप पोहोचवत होती. सरांकडे गेली की मॅडमचे म्हणणे सौम्य करून सांगायची, मॅडमकडे गेली की सरांचे. मार्गदर्शकांनी आपसात करायचे भाषांतर तिच्या गळ्यात पडले होते आणि त्यातली प्रत्येक चूक तिच्या नावावर जमा होत होती. पहिल्यांदाच कोणीतरी सांगितले होते की अडचण तिच्या कष्टांत नाही, तक्त्याच्या घडणीत आहे.

मॅडमनी मग एक अगदी साधा प्रश्न विचारला: रोज सकाळी मोटर सुरू करायची की टँकर बोलवायचा, हे सोसायटीत ठरवते कोण? विद्यार्थिनी म्हणाली, पंपरूममधले काका. त्यांच्याकडे वही आहे का? आहे. ती पाहिलीस का? पाहिली होती, पण ती कोणाच्या पद्धतीत बसेना म्हणून तिने वापरली नव्हती.

वही

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सर, मॅडम, विद्यार्थिनी आणि मी असे चौघे एका सोसायटीच्या पंपरूममध्ये उभे होतो. दोन्ही मार्गदर्शक एकत्र क्षेत्रावर येण्याची तीन वर्षांतली ही पहिली वेळ होती, आणि ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाही आधी विचित्र वाटली नव्हती. खोली तळघरात, दोन माणसे आडवी झाली तर तिसरा उभा राहणार नाही एवढी. भिंतीवर पॅनेल, त्यावर अँपिअरचा काटा, खाली प्लास्टिकची खुर्ची आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही. त्या दिवसाच्या आदल्या दिवशीची नोंद अशी होती: ‘बो. 2 – 40 मि. हवा. बो. 1 – 2 तास. टँ. 3.’ यात ‘हवा’ म्हणजे बोअरमधले पाणी पंपाखाली जाऊन मोटर हवा ओढू लागली.

विद्यार्थिनीने विचारले, “काका, दोन नंबरची मोटर चाळीस मिनिटांनीच का बंद केली?”

“हवा धरती ना ताई. आवाज बदलतो, काटा खाली येतो. तशीच चालू ठिवली तर मोटर जळंल, मग शेक्रेटरी साहेब माझ्या नावानं बोंब मारत्यात.”

“मग परत कधी चालू करता?”

“तीन तासानं. मे महिन्यात पाच तास लागत्यात. पाऊस लागला की दीडच.”

सर आतापर्यंत पॅनेल पाहत होते, ते वळले. बोअर उपसून पातळी पंपापर्यंत आणायची, उपसा थांबवायचा आणि पाणी पुन्हा पहिल्या पातळीवर यायला किती वेळ लागतो हे मोजायचे, ही भूजलशास्त्रातली ओळखीची चाचणी आहे. तिच्यासाठी परवानगी, मनुष्यबळ आणि एक पूर्ण दिवस लागतो. येथे एक माणूस ओबडधोबड का होईना, ती रोज करत होता आणि वहीत लिहून ठेवत होता, कारण मोटर जळाली तर त्याला बोलणी बसणार होती. सरांनी त्यांच्याकडून मागच्या तीन उन्हाळ्यांच्या वह्या मागितल्या. दोन मिळाल्या, तिसरीच्या पानांत दिवाळीत फराळ बांधला गेला होता.

मॅडमचा प्रश्न वेगळा होता. टँकरला फोन कधी करता? काका म्हणाले, दोनदा हवा धरली की लगेच, कारण उन्हाळ्यात टँकरवाला ऐकत नाही, आधी सांगितलेल्यालाच पाणी देतो. या एका वाक्याने मॅडमची वर्षभराची प्रश्नावली बाजूला सरली. पाणी विकत घेण्याचा निर्णय कुटुंब घेत नव्हते, कमिटीही रोजच्या रोज घेत नव्हती. तो काट्याच्या हालचालीवर आणि टँकरवाल्याच्या मर्जीच्या अंदाजावर घेतला जात होता. मागणीचा जो वक्र, म्हणजे किमतीबरोबर वापर कसा बदलतो ते नाते, मॅडम कुटुंबांत शोधत होत्या तो तळघरातल्या त्या खुर्चीवर बसलेला होता.

तेव्हा ‘बो. 2 – 40 मि. हवा’ ही नोंद सरांसाठी जलधराची माहिती होती आणि मॅडमसाठी निर्णयाची. ओळ एकच. परतताना गाडीतच ठरले की तक्त्याची ओळ म्हणजे एका सोसायटीचा एक दिवस. प्रत्येक बोअर किती वेळ चालली, हवा धरली का, पुन्हा सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, टँकर किती आले, महापालिकेचे पाणी आले की नाही, हे सगळे त्या ओळीचे स्तंभ. मोटरच्या वेळेवरून लिटर काढायचे तर दर मिनिटाला किती पाणी येते हे हवे. त्यासाठी दोनशे लिटरचा पिंप आणि मोबाइलवरचे घड्याळ पुरले, आणि ते मोजमाप प्रत्येक ऋतूत पुन्हा करायचे ठरले, कारण उन्हाळ्यात तीच मोटर कमी पाणी देते.

वहीवर आंधळा विश्वास ठेवला असे मात्र झाले नाही. रविवारच्या नोंदी पुष्कळदा सोमवारी एकदम लिहिलेल्या असत. पाळी बदलली की अक्षर बदलत असे आणि ‘तास’ मोजायची पद्धतही. टँकरच्या संख्येत दोन सोसायट्यांत फुगवटा असल्याचा संशय होता, आणि तेथे मॅडमचा अनुभव कामी आला: त्यांनी खजिनदाराकडच्या पावत्या वहीशी ताडून पाहायला सांगितल्या. टँकर दहा हजार लिटरचा म्हणतात, पण तो काठोकाठ भरलेला असतोच असे नाही, म्हणून काही फेऱ्यांच्या आधी आणि नंतर टाकीची पातळी मोजून घेतली. सरांना हे सारे प्रथम हिशेबनिसाचे काम वाटले. मग लागून असलेल्या दोन सोसायट्यांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर दिसले की एकीने रात्री बारानंतर मोटर लावली की दुसरीची पहाटे लवकर हवा धरते. जलधर कुंपण मानत नाही हे सर तीस वर्षे शिकवत आले होते. त्याचा पुरावा दोन वेगळ्या पंपरूममधल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांच्या अक्षरात मिळाला, याचे त्यांना झालेले अप्रूप त्यांनी लपवले नाही.

जुनी वाट

नव्या पद्धतीचे कौतुक चालू असताना मला पुण्याच्याच एका जुन्या उदाहरणाची आठवण झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी 1917 मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी गावची माती आणि पाणी तपासले, आणि त्याच अभ्यासात जमिनीचे तुकडे कसे झाले आणि कुटुंबांवर कर्ज किती याचाही हिशेब मांडला. त्यासाठी त्यांना आंतरविद्याशाखीय असा शब्द लागला नाही, गाव हे एक एकक मिळाले आणि ते पुरले. आज त्याच पिंपळे सौदागरात सोसायट्यांच्या रांगा आहेत, आणि गाव हे एकक तेथे आता कोणाच्या कामाचे नाही.

परदेशातही वाटा निघाल्या आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2004 पासून शाश्वत विकास याच विषयात पीएच.डी. दिली जाते. तेथे सर्वांना अर्थशास्त्राचा पक्का पाया घ्यावा लागतो आणि जोडीला निसर्गविज्ञानाचे अभ्यासक्रम करावे लागतात, म्हणजे सांधण्याचे काम एका विषयाकडे सोपवलेले आहे. त्याने भाषेचा गोंधळ टळत असावा. आपल्याकडे प्रत्येक प्रबंधाने सांधा स्वतः शोधायचा असतो, आणि मला ते अधिक कष्टाचे पण या खडकाला आणि या सोसायट्यांना अधिक मानवणारे वाटते. अट एकच की शोधण्याचे काम एकट्या विद्यार्थ्यावर टाकू नये.

कागदपत्रे

समितीने जे ठराव केले ते इतर कोठे उपयोगी पडतील म्हणून नोंदवतो. मसुद्यावरचे अभिप्राय यापुढे दोघांच्या सहीने एकच येतील, मतभेद असेल तर तो त्याच कागदावर लिहिला जाईल. ‘टंचाई’ हा शब्द प्रबंधात एकटा येणार नाही. त्याआधी पातळीची, खर्चाची की शासकीय, हे लिहावे लागेल. दर सत्रात दोघे मार्गदर्शक एकदा तरी एकत्र क्षेत्रावर जातील. हा शेवटचा ठराव करताना वेळेची सबब पुढे आली, आणि ती खोटी नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी धरले जाणारे पीएच.डी. मार्गदर्शनाचे गुण असे आहेत की एकट्याने मार्गदर्शन केल्यास दहा, तर दोघांनी मिळून केल्यास प्रत्येकी सात. काम दुप्पट आणि गुण तीनने कमी, असा हा व्यवहार आहे. मॅडम तेव्हा पदोन्नतीच्या उंबरठ्यावर होत्या आणि त्यांनी हे हसत पण स्पष्ट सांगितले. आंतरविद्याशाखीय संशोधनाला उत्तेजन देण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी हा गुणतक्ता एकदा वाचावा, असे मला वाटते.

विद्यार्थिनीची वर्षभराची माहिती अंशतः वाया गेली. जेआरएफची पहिली दोन वर्षे दरमहा 37 हजारांनी आणि पुढची 42 हजारांनी निघतात, ती एकूण पाच वर्षे. नोंदणीला सहा वर्षे, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. नियमांत वेळ आहे, पण शिष्यवृत्ती संपल्यावरची वर्षे घरच्यांना समजावणे तिलाच करावे लागणार आहे, आणि ती जबाबदारी कोणत्याही ठरावात आम्ही वाटून घेतलेली नाही. परीक्षकांचा प्रश्नही बाकी आहे. बाहेरचे किमान दोन परीक्षक लागतात. एक भूजलाचा आणि एक अर्थशास्त्राचा नेमला तर पुन्हा परिशिष्टांचीच शिफारस यायची, अशी धास्ती तिला आहे आणि ती मला अनाठायी वाटत नाही.

चार रिकाम्या ओळी

‘सोसायटीचा दिवस’ ही ओळ ठरल्यावर काम भराभर पुढे गेले. पण ओळ ठरवताना आम्ही कोणाला वगळले हे विद्यार्थिनीच्याच लक्षात आले. जुन्या गावठाणात चार आड होते, त्यांपैकी दोन वापरात. तेथे मोटर नाही, कमिटी नाही, म्हणून वहीही नाही. भोवतालच्या बोअरमुळे त्या आडांचे पाणी खाली जाते का, हा शाश्वततेच्या दृष्टीने सर्वांत टोकदार प्रश्न होता, आणि आमच्या नव्या तक्त्यात त्यांच्या ओळी कोऱ्या राहत होत्या. मॅडमनी सुचवले की त्या काढून टाकाव्यात, कारण अर्धवट ओळींनी विश्लेषण बिघडते. सर म्हणाले की फीत सोडून दर आठवड्याला पातळी घ्यावी. दर आठवड्याला जायला मात्र कोणी नव्हते.

ती एका आडावर रोज पाणी शेंदणाऱ्या मावशींकडे गेली आणि पाणी कमी झालेले तुम्हाला कसे कळते, असे विचारले. मावशी म्हणाल्या, “दोरावरनं. होळीला आठ हात लागतो, अक्षय्य तृतीयेला अकरा. बाजूची मोठी बिल्डिंग झाली त्या सालापासनं चौदा.” मग त्यांनी दोर दाखवला. त्यावर फडक्याच्या चिंधीच्या दोन गाठी होत्या, वरची जुनी, विटलेली, आणि खालची नवी.

सध्या तक्त्यात ‘दोर, हातांत’ असा एक स्तंभ वाढला आहे आणि मावशी दर सोमवारी आकडा फोनवर सांगतात. हाताचे मीटर करताना मावशींचा हात मोजावा की रूढ दीड फूट धरावे, यावर सर आणि मॅडम यांचा मागच्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. या वेळी दोघांनी तो एकाच कागदावर लिहून आणला होता.